थापकोश: बोलीतल्या शब्दांना खोटे अर्थ लावायचा खेळ कसा मांडावा

'मांगर' म्हणजे काय? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरा गप्प बसायचं, कारण अर्थ येणारा माणूस ही या खेळातली पहिली अडचण असते. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मात्र एक अर्थ ठोकून द्यायचा, आणि तोही असा की शेजारी बसलेल्याला वाटावं, हा थेट कोशातून उतरवून घेतलाय. मग सगळ्यांच्या थापा आणि त्यांच्यात मिसळलेला एक खरा अर्थ मोठ्याने वाचला जातो. खरा ओळखला तर गुण, आणि आपली थाप दुसऱ्याला खपली तरी गुण.

इंग्रजीत हा खेळ जुना आहे. कुठलाही जाडजूड शब्दकोश आणि चार रिकामटेकडी माणसं एवढ्यावर तो चालायचा. १९८४ साली कॅनडात 'बाल्डरडॅश' या नावाने तो डब्यात घालून विकायला आला. मराठीत डब्याची गरज नाही. कागदाच्या चिठ्ठ्या, पेनं आणि नेमके शब्द पुरतात. मी त्याला थापकोश म्हणतो. तुम्ही हवं ते म्हणा.

शब्द बोलीतलेच का? अवघड संस्कृत शब्द घेतला तर कुणीतरी उपसर्ग सोलतो, धातू काढतो आणि अर्ध्या मिनिटात अर्थाच्या दारात जाऊन उभा राहतो. फारसी कागदपत्री शब्द ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांना पाठ असतात. बोलीतला शब्द असा फोडता येत नाही. वर तो परकाही वाटत नाही. 'टोंगळा', 'घरोटा', 'व्हाळ' हे कानाला आपले वाटतात, आणि हा आपल्याला यायला हवा होता अशी चुटपूट लागते. थापेला पाय फुटतात ते तिथे.

माणसं आणि सामान

चार ते आठ माणसं असावीत. तिघांत खेळ होतो पण पांगळा होतो, कारण ओळखायला अर्थच तीन असतात. आठाच्या वर गेलात की दहाव्या अर्थापर्यंत पहिला कुणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हा दोघादोघांच्या जोड्या करा. चिठ्ठ्या एकाच मापाच्या आणि पेनं एकाच रंगाची हवीत. हे किरकोळ वाटतं, पण हिरव्या शाईची चिठ्ठी उचलताना वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे सगळे बघतात.

दर फेरीला एक जण कोशकार होतो. शब्द तो आणतो, खरा अर्थ त्यालाच माहीत असतो, चिठ्ठ्या तो गोळा करतो आणि वाचतो. कोशकार मत देत नाही. पुढच्या फेरीला कोशकारपण डावीकडच्याकडे जातं. सहा जण असतील तर प्रत्येकाची एक पाळी होईपर्यंत तासभर सहज जातो.

शब्द निवडणं

अर्धा खेळ इथे जिंकला किंवा हरला जातो, म्हणून घाई करू नका. कोशकाराने आपले दोन-तीन शब्द आधीच टिपून आणायचे. सगळे ताटकळत बसलेले असताना फोनवर शब्द शोधायचा नाही.

शोधायचे कुठे? दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' ही खरी खाण. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले. त्यात प्रांतिक शब्दांपुढे कंसात खूण असते: (व.) म्हणजे वऱ्हाडी, (कु.) म्हणजे कुडाळी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (ना.) म्हणजे नागपुरी. कुठलंही पान उघडा, या खुणांवर नजर फिरवा, पाच मिनिटांत शब्द मिळतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना, पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची. त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत, तेव्हा मराठी अर्थ घरीच लिहून आणा. ऐनवेळी भाषांतर करायला गेलात की वाक्य अडखळतं आणि हाच खरा अर्थ हे सगळ्यांना कळतं. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ऑनलाइन फुकट चाळता येतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षणही संकेतस्थळावर खुलं आहे. एकाच वस्तूला किंवा नात्याला ठिकठिकाणी काय म्हणतात ते तिथे सापडतं, त्यामुळे अजून जिवंत असलेले शब्द हवे असतील तर ते उत्तम. आणि सगळ्यात सोपं म्हणजे दुसऱ्या भागातल्या ओळखीच्या माणसाला विचारणं: तुमच्याकडे असा कुठला शब्द आहे जो इथे कुणाला कळत नाही?

शब्द सापडला की त्याची थोडी परीक्षा घ्या. त्याचा अर्थ एका वाक्यात मांडता येतो का? नुसता एक शब्द असेल तर तो उलगडून घ्या. 'टोंगळा' म्हणजे गुडघा. पण चिठ्ठीवर नुसतं 'गुडघा' लिहिलंत तर लांबलचक थापांमध्ये तो एकटा उघडा पडतो. 'मांडी आणि पोटरी यांच्यामधला सांधा' लिहा. उलगडायला हरकत नाही, वळवायला आहे.

एक खास जात सांगतो: ओळखीचा चेहरा आणि वेगळाच अर्थ असलेले शब्द. विदर्भात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर आणि 'जांब' म्हणजे पेरू. मराठवाड्यात 'आखाडा' म्हणजे शेतातला गोठा-वस्तीचा मांडव, तिथे कुस्ती होत नाही. असा शब्द जाहीर केला की सगळे आधी हसतात, मग बुचकळ्यात पडतात. तसंच 'माळवं' आणि 'माळवद'. दिसायला सख्खे भाऊ, पण पहिलं भाजीपाला आणि दुसरं लाकूड-मातीचं सपाट छप्पर. एका फेरीत एक आणि दोन फेऱ्यांनी दुसरं आणलंत तर लोक पहिल्याच्या अर्थावरून दुसऱ्याची थाप रचतात आणि नेमके तोंडघशी पडतात.

टाळायचं काय? शिव्या, शरीरावरून टोमणे आणि जातींची नावं. जुन्या कोशांत हे सगळं भरपूर आहे आणि पहिल्या भेटीत मोह होतो. 'गजाली'सारखे शब्दही टाळा. सिनेमा-मालिकांमुळे ते आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत.

फेरी कशी चालते

कोशकार शब्द मोठ्याने सांगतो, लिहून दाखवतो, आणि त्याची जात व लिंग सांगतो: 'कुटार, नाम, ते कुटार.' मराठीत हे सांगावंच लागतं. नाही तर एक जण क्रियापद समजून लिहितो, दुसरा 'ती' म्हणतो, आणि वाचतानाच दोन थापा बाद होतात. उच्चारही आधी पक्का करून या. च, ज, झ आपण दोन तऱ्हांनी म्हणतो आणि लिहिताना तो फरक दिसत नाही. शब्द कुठल्या भागातला ते सांगायचं की नाही हे सुरुवातीलाच ठरवा. माझं मत, सांगावं; थापांना माती मिळते.

इथे एक क्षण थांबायचं. शब्द ज्याला येतो त्याने हात वर करायचा आणि कोशकाराने शब्द बदलायचा. बोलींच्या खेळात हे वरचेवर होतं, कारण कुणाची तरी आजी, मामी, सासर त्या भागातलं निघतं. म्हणून तर दोन-तीन शब्द जवळ ठेवायचे.

मग दोन-तीन मिनिटं शांतता, आणि प्रत्येकाने एक अर्थ आणि चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं. कोशकार खरा अर्थ तशाच चिठ्ठीवर लिहितो, सगळ्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि आधी मनातल्या मनात वाचून काढतो. ही पायरी नवखे हमखास गाळतात. अक्षर लागलं नाही तर चिठ्ठी ज्याची त्याला दाखवून कानात विचारायचं. नंतर चिठ्ठ्या पिसून, प्रत्येकीला क्रमांक देऊन, एकाच सुरात दोनदा वाचायच्या. हसू आलं तर सगळ्याच चिठ्ठ्यांना हसा.

मत एकदम द्यायचं. कोशकार 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि सगळे आपापल्या पसंतीच्या क्रमांकाइतकी बोटं वर करतात. एकामागून एक सांगू दिलं तर तिसऱ्या माणसापासून सगळे पहिल्याच्या मागे जातात. स्वतःच्या चिठ्ठीला मत नाही, हे वेगळं सांगायला नको.

गुण असे: खरा अर्थ ओळखला तर २. आपल्या थापेला पडलेल्या दर मताला १. कुणालाच खरा अर्थ ओळखता आला नाही तर कोशकाराला ३. कुणाची थाप नकळत खऱ्या अर्थाशीच जुळली तर कोशकाराने ती बाजूला ठेवायची, त्या माणसाच्या कानात सांगायचं आणि ओळखल्याइतकेच २ गुण द्यायचे. तो त्या फेरीत मत देत नाही. काही ठिकाणी याला ३ देतात. बोलींच्या खेळात मला ते पटत नाही, कारण मग ज्याला शब्द येतो तो हात वर करायचं सोडून खरा अर्थच लिहू लागतो. दोघांची थाप सारखी निघाली तर एकच वाचायची आणि पडलेल्या मतांचे गुण दोघांनाही.

एक फेरी जवळून

सुधा कोशकार आहे आणि आशा, बाळू, चेतन, दीपा खेळताहेत. शब्द 'कुटार', वऱ्हाडकडचा. सुधा पाच चिठ्ठ्या वाचते:

एक: विहिरीच्या काठावर दोर घासून पडलेली खाच.
दोन: मोडक्या अवजारांची अडगळ.
तीन: मळणीनंतर उरलेला काडी-शेंगांचा भुसा, गुरांना घालतात.
चार: दिवसभर कुरकुर करणारं म्हातारं माणूस.
पाच: लाकूड फोडताना खाली ठेवतात तो ओंडका.

आशा आणि बाळू पाच बोटं वर करतात. चेतन तीन. दीपा एक. खरा अर्थ तिसरा. म्हणजे चेतनला ओळखल्याचे २, ओंडका दीपाचा होता म्हणून तिला २, खाच आशाची म्हणून तिला १. बाळूला काही नाही, आणि एकाने ओळखल्यामुळे सुधालाही काही नाही. चौथी थाप चेतनची. तिच्यावर हशा सगळ्यात मोठा झाला, मत एकही पडलं नाही. हे दर वेळी असंच होतं.

दीपाचा ओंडका का खपला ते पाहण्यासारखं आहे. 'कुटार' ऐकताच कानात 'कुठार' वाजतं, म्हणजे कुऱ्हाड. दीपाने कुऱ्हाड लिहिली असती तर सगळ्यांनी ओळखलं असतं की हिने नादावरून जुळवलंय. तिने कुऱ्हाडीच्या शेजारची वस्तू घेतली. ऐकणाऱ्याला कुऱ्हाडीचा धागा स्वतःच सापडला, आणि स्वतः शोधलेल्या पुराव्यावर माणूस फार भाळतो. आशाच्या खाचेतही एक गुण होता: दोर घासून. खाच कशाने पडली हे सांगितल्यामुळे ती डोळ्यांसमोर आली. बाळूची अडगळ पोकळ होती. कुठली अवजारं, कुठे ठेवलेली, काहीच नाही.

थाप रचायची कशी

आधी शब्दाचा शेवट बघा. 'आ'ने संपणारा बहुधा पुल्लिंगी, अनुस्वाराने संपणारा नपुंसकलिंगी, हे आपल्या कानात मुरलेलं असतं. 'ते माळवं' म्हटल्यावर एखाद्या बाईमाणसाचा स्वभाव लिहिलात तर कान खटकतो. 'ळा', 'टा', 'डा' असे शेवट वस्तूंना आणि अवयवांना शोभतात. 'ट्ठा', 'क्क' असे दणकट आवाज लोक प्रमाणाशी किंवा जोराशी जोडतात. अहिराणीतलं 'बठ्ठा' हे 'सगळा' अशा अर्थाचं आहे, आणि ते ऐकून बहुतेक जण दगड किंवा लठ्ठ माणूस लिहितात.

मग कोशाचा सूर. कोश कोरडा असतो. तो 'अत्यंत' म्हणत नाही, उद्गारचिन्ह देत नाही, गंमत सांगत नाही. 'खेडेगावात वापरली जाणारी एक प्रकारची पिशवी' ही थाप लगेच पकडली जाते, कारण कोश अर्थामध्ये खेडं आणत नाही. भाग सांगायचा तर कंसात खूण करून मोकळा होतो. 'एक प्रकारचा' हाही आळशी लेखकाचा शिक्का. त्यापेक्षा 'बैलगाडीच्या साट्याखाली अडकवलेली कापडी झोळी' लिहा.

एकच तपशील द्या, पण बिनकामाचा वाटेल इतका नेमका द्या. 'दोर घासून पडलेली', 'पहिल्या पावसानंतर', 'डाव्या बाजूची'. दोन तपशील झाले की कथा सुरू होते आणि कथा म्हटली की संशय आला. अर्ध्या ओळीची पुरवणी, स्वल्पविरामानंतर, चांगली बसते: 'गुरांना घालतात', 'लहान मुलांचा'. खऱ्या कोशांत अशा शेपट्या असतात.

आणि आपल्या धंद्यातून बाहेर या. शिक्षक शिक्षकी अर्थ लिहितो, स्वयंपाक येणारी भांडी लिहिते, आणि दोन फेऱ्यांत सगळ्यांना कळतं कुणाची चिठ्ठी कुठली. खेळ बघून मुद्दाम दुसऱ्याच्या धंद्यातला अर्थ लिहिणं हा मात्र वरच्या दर्जाचा कावा आहे.

ओळखायचं कसं याबद्दल फार सांगत नाही. इतकंच, की नादाशी अगदी घट्ट जुळणारा अर्थ बहुधा थाप असतो. बोलीतल्या शब्दांचे खरे अर्थ नादाला धरून येतातच असं नाही. 'भेदरं' ऐकून भेदरलेलं पोर आठवतं, आणि विदर्भात ते टोमॅटो निघतं.

वाद आणि इतर भानगडी

सगळ्यात जास्त भांडणं शब्दाच्या अर्थावरून होतात. कोश म्हणतो एक, आणि त्या भागातला माणूस म्हणतो आमच्याकडे असं नाही. दोघंही बरोबर असू शकतात. वीस कोसांवर अर्थ सरकतो. खेळापुरता नियम एकच: कोशकाराने आणलेला लेखी किंवा ऐकीव अर्थ त्या फेरीला अंतिम. त्या माणसाचा अर्थ मात्र फेरी संपल्यावर ऐकून घ्या, पुष्कळदा तो कोशापेक्षा रंगतदार असतो. लिहिण्याचंही तसंच. वऱ्हाडी आणि खानदेशी बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे 'टोंगळा' कुणी 'टोंगया' म्हणून ओळखेल. शब्द येतो का असं विचारताना दोन्ही रूपं सांगा, नाही तर येणारा माणूसही फसतो.

दुसरी भानगड नाजूक आहे. बोलीची नक्कल करत, हेल काढत शब्द वाचायचा मोह कोशकाराला होतो. टाळा. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरची ती भाषा असते, आणि बऱ्याचदा ते त्याने सांगितलेलं नसतं. हसायचं ते थापांना.

खरा अर्थ उघड केल्यावर कोशकाराने तो शब्द एका साध्या वाक्यात वापरून दाखवावा: 'सोयाबीनचं कुटार गोठ्याशेजारी रचून ठेवलंय.' याला दहा सेकंद लागतात आणि शब्द डोक्यात राहतो.

लांबून, व्हिडिओ कॉलवर खेळायचं असेल तर चिठ्ठ्यांऐवजी सगळ्यांनी कोशकाराला खाजगी संदेश पाठवायचा. त्याने ते एकसारखं शुद्धलेखन करून एकाच संदेशात क्रमांकांनी टाकायचे. नाही तर कुणाच्या टायपिंगच्या सवयी थाप उघडी करतात. शोधयंत्र उघडणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे इलाज नाही. लहान मुलं असतील तर लिहायला जास्त वेळ द्या आणि वस्तूंचीच नावं घ्या. भाववाचक शब्द त्यांना कंटाळवाणे होतात.

मोठा गोतावळा असेल तर दोन गट करा. बीबीसीवर १९६५ पासून चाललेल्या 'कॉल माय ब्लफ' या कार्यक्रमात अशीच रचना होती: एका गटातले तिघं एकाच शब्दाचे तीन अर्थ तोंडी सांगतात, त्यातला एक खरा, आणि दुसरा गट ओळखतो. इथे लिहिण्यापेक्षा अभिनयाला वाव जास्त, त्यामुळे न लिहिणारी माणसंही खुलतात.

पहिल्या बैठकीसाठी माझ्याकडून आणखी काही शब्द: मालवणीतलं 'मळब' म्हणजे आभाळ आणि 'वायच' म्हणजे थोडंसं, कोकणातलं 'तवसं' म्हणजे काकडी, 'व्हाळ' म्हणजे ओढा, वऱ्हाडातला 'धुरा' म्हणजे शेताचा बांध, खानदेशातला 'घरोटा' म्हणजे जातं, अहिराणीतला 'आंडोर' म्हणजे मुलगा. मांगर म्हणजे कोकणात घरापासून दूर, बागेत किंवा शेतात बांधलेलं खोपट. आता हे सगळे अर्थ तुम्हाला ठाऊक झाले, तेव्हा पहिल्या फेरीला चिठ्ठी लिहायला बसू नका. कोशकार तुम्हीच व्हा.